रिकाम्या खुंट्यापासून सुरुवात: हिवाळ्यात हरवलेले जनावर कसे शोधावे

पहाटे धार काढायला गोठ्यात जावे आणि खुंट्यापाशी जनावर नसावे, अशी वेळ गुरे पाळणाऱ्या प्रत्येक घरावर कधी ना कधी येते. नवखा माणूस अशा वेळी आधी आरडाओरडा करतो, मग मोटारसायकल काढतो आणि डांबरी रस्त्याने दोन्ही दिशांना पाच-पाच किलोमीटर फिरून हात हलवत परत येतो. तोवर शेजारीपाजारी गोळा होऊन गोठ्याभोवतीची सगळी माती तुडवून मोकळे झालेले असतात. माझ्या अनुभवात सुटलेले जनावर बहुतेक वेळा आपण समजतो त्यापेक्षा बरेच जवळ असते, आणि ते कोणीकडे गेले हे सांगणारी खूण खुंट्यापासून पन्नास पावलांच्या आतच पडलेली असते. शहरातून गावी परतून किंवा जोडधंदा म्हणून ज्यांनी नुकत्याच एक-दोन गाई-म्हशी घेतल्या आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझे सांगणे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर, आंबेगाव, शिरूर या बागायती तालुक्यांना धरून आहे, म्हणजे ऊस, गहू, कांदा, विहिरी, शेततळी आणि बिबट्या हे सगळे त्यात येणार.

हिवाळ्याचा प्रश्न वेगळा आहे. पावसाळ्यात सगळीकडे हिरवे असल्याने सुटलेले जनावर पोट भरले की जवळपास थांबते, आणि उन्हाळ्यात रान मोकळे असल्याने ते लांबून दिसते. हिवाळ्यात मात्र गायरान आणि माळ वाळून गेलेले, हिरवे तेवढे दुसऱ्याच्या पिकात, आणि पुरुषाहून उंच ऊस चहूकडे उभा, अशी अवस्था असते. त्यातच डिसेंबरच्या मध्यात आमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे अंधार जवळजवळ तेरा तासांचा. थंडीची भीती मात्र नवख्यांना जरा जास्तच वाटते. आठ-दहा अंशांच्या थंडीने धडधाकट, कोरडी गाय दगावत नाही. खरा धोका पाण्यात पडून भिजलेल्या जनावराला, रानात व्यालेल्या गाईच्या नवजात वासराला, पिकात शिरून नको ते खाल्लेल्याला आणि उघड्यावर एकट्या राहिलेल्या लहान जनावराला असतो. घाई करायची ती या चार कारणांसाठी, आणि त्याच क्रमाने विचार करून.

पहिली पंधरा मिनिटे दाव्यासाठी

घरातल्या सर्वांना गोठ्याबाहेर थांबवून एकट्याने खुंट्यापाशी जावे आणि दावे हातात घेऊन पाहावे. दाव्याचे टोक बारकाईने पाहिले, तर निम्मी गोष्ट तिथेच कळते. ओढून तुटलेल्या दाव्याचे पीळ उसवलेले असतात, तंतू कमी-जास्त लांबीचे आणि विस्कटलेले दिसतात, आणि बऱ्याचदा खुंटाही एका अंगाला कललेला असतो. झिजून तुटलेल्या दाव्याचे टोक मऊ, काळपट आणि निमुळते असते. असे जनावर जोर न लावता, चरत-चरत, सावकाश गेलेले असते. दावे अखंड असून त्याला म्होरकी तशीच लटकत असेल, तर जनावराने डोके काढून घेतले असे समजावे. गाठ सुटलेली असेल, तर आदल्या संध्याकाळी शेवटी कोणी बांधले ते न रागावता विचारावे, कारण रागावल्यास खरे उत्तर मिळत नाही. आणि दाव्याचे सगळे तंतू एकाच पातळीवर स्वच्छ कापलेले असतील, तर ते कात्रीचे किंवा कोयत्याचे काम आहे. मग माती न तुडवता दाव्याचा आणि जमिनीचा फोटो काढावा, रस्त्याच्या कडेला टेम्पोच्या चाकांची खूण दिसते का ते पाहावे आणि या लेखातला पोलिसांविषयीचा भाग आधी वाचावा.

दाव्यानंतर गव्हाण पाहावी. कडबा तसाच पडलेला असेल तर जनावर संध्याकाळनंतर लवकरच गेलेले असते; गव्हाण साफ असेल तर पोटभर खाऊन, रवंथ करून, बहुधा पहाटे गेले. खुंट्याजवळ शेण असेल तर काडीने फोडून पाहावे. थंडीत शेणावर साय धरते, पण ताजे असेल तर आत ऊब लागते. हे सगळे करायला पंधरा मिनिटे पुरतात, आणि त्याने पुढचे तीन तास वाचतात.

ते का गेले असेल

जनावर कारणाशिवाय जात नाही, आणि कारण कळले की दिशा कळते. म्हैस असेल तर माजाचा, म्हणजे फळण्याच्या ओढीचा, संशय आधी घ्यावा, कारण म्हशी प्रामुख्याने हिवाळ्यातच माजावर येतात आणि त्यांचा माज बराचसा मुका असतो. दिवसा काही दिसत नाही. रात्री किंवा पहाटे ती रेकते, वारंवार थोडे-थोडे मुतते, दूध चोरते, आणि एका झटक्यात दावे तोडून रेडा असलेल्या वस्तीकडे निघते. मागच्या माजाची तारीख लिहून ठेवलेली असेल तर तीत एकवीस दिवस मिळवून पाहावेत. हिशेब जुळला तर शोधत फिरण्याऐवजी आधी पंचक्रोशीत रेडा किंवा वळू कोणाकडे आहे तिथे फोन करावा. असे अनेक शोध त्या फोनवरच संपलेले मी पाहिले आहेत.

गाभण जनावर दिवस भरत आले की आडोसा शोधते. गाईचे साधारण 280 आणि म्हशीचे 310 दिवस धरतात. त्याच्या आसपास असलेली गाय कळपापासून दूर, वारा न लागणाऱ्या ओघळीत, उसाच्या कडेला किंवा निरगुडीच्या जाळीत बसलेली सापडते. ती हाकेला ओ देत नाही. अशा ठिकाणी कावळे किंवा कुत्री जमली असतील तर ती वारेच्या, म्हणजे व्याल्यावर पडणाऱ्या जाराच्या, वासाने आलेली असू शकतात, म्हणून तिकडे लगेच जावे.

नुकतेच विकत आणलेले जनावर जुन्या दावणीकडे परत निघते. मी स्वतः पहिल्या वर्षी हे शिकलो. अठरा किलोमीटरवरून आणलेली म्हैस अकराव्या दिवशी सुटली. आम्ही दहा-बारा जणांनी दिवसभर सगळा शिवार पालथा घातला, आणि ती दुसऱ्या दिवशी जुन्या मालकाच्या गावच्या वाटेवर, नदीच्या उताराला, पाणी ओलांडावे की नाही अशा विचारात उभी असलेली एका गुराख्याला दिसली. टेम्पोतून आणलेल्या म्हशीला वाट कशी कळली याचे उत्तर मला आजही देता येत नाही, पण तेव्हापासून नव्या जनावराच्या जुन्या मालकाचा नंबर मी गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवतो. ज्याचे वासरू विकले आहे अशी गाय, किंवा ज्याचा जोडीदार गेला आहे असा बैल, याच वर्गात धरावा.

राहता राहिले भुकेचे कारण. भाकड जनावराला आपण वाळल्या चाऱ्यावर ठेवलेले असते आणि वाऱ्यावर लसूणघासाचा किंवा ओल्या वाढ्यांचा (उसाच्या हिरव्या शेंड्यांचा) वास येत असतो. ते सर्वांत जवळच्या हिरव्याकडे जाते. यात शोधण्यासारखे फारसे काही नसते, फक्त शेजाऱ्याची समजूत काढावी लागते.

रात्रीच निघावे की उजाडण्याची वाट पाहावी

संध्याकाळी सातला जनावर नाही असे लक्षात आले, तर दोन तास आणि एवढ्याच जागा पाहाव्यात: विहिरी, शेततळी, कालवा आणि रस्ता. या ठिकाणी उशीर झाला तर जनावर हाती लागत नाही. उसात मात्र रात्री शिरू नये. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत, बिबट्या पिढ्यान्‌पिढ्या उसात राहतो आहे, तिथेच पिल्ले घालतो आहे, आणि हिवाळ्यात तोडणी सुरू झाल्यावर एका फडातून दुसऱ्या फडात सरकत असतो. पूर्ण वाढलेल्या गाईला तो सहसा भिडत नाही. वाकून चालणाऱ्या किंवा उसाच्या कडेला खाली बसलेल्या माणसाला मात्र त्याच्यापासून अधिक धोका असतो. म्हणून रात्री बाहेर पडणाऱ्यांनी किमान तिघांनी मिळून, मोठ्याने बोलत, हातात काठी आणि बॅटरी घेऊन, मोकळ्या वाटेनेच फिरावे. लहान मुलांना सोबत घेऊ नये.

रात्रीचा खरा उपयोग ऐकण्यासाठी आहे. थंडीत, वारा पडल्यावर, आवाज फार लांबवर जातो. नऊ-दहाच्या सुमारास उंच बांधावर किंवा घराच्या गच्चीवर उभे राहून, शेजारच्यांना पाच मिनिटे इंजिन आणि टीव्ही बंद ठेवायला सांगून, कान द्यावेत. गळ्यात घाटी असेल तर ती रवंथ करतानाही मधूनमधून वाजते. दुभत्या गाईची कास धारेच्या वेळी ताठते आणि ती हंबरते. तिचे वासरू गोठ्यात असेल तर त्याला थोडा वेळ दूध न देता ओरडू द्यावे. क्रूर वाटते, पण आई अर्धा मैलावरून उत्तर देते. घरी एक माणूस गोठ्यात दिवा लावून नक्की बसवावा. सगळे शोधायला गेले, जनावर आपल्या पायाने परत आले आणि दार बंद पाहून पुन्हा निघून गेले, असे होऊ शकते.

जागी माणसे रात्रीही असतात, हे विसरू नये. ज्या आठवड्यात शेतीची वीज रात्रपाळीला असते, त्या आठवड्यात गव्हाला, कांद्याला पाणी भरणारे दोन-चार जण तरी शिवारात असतातच. त्यांना फोन करावा. पाण्याच्या दाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला अंधारातून जाणारे जनावर दिसले नाही तरी पावलांचा आवाज आलेला असतो.

दहिवरातला माग

उजाडायच्या आत तयार राहावे आणि उजाडताच निघावे, कारण हिवाळ्याची सकाळ माग काढणाऱ्याला जे देते ते दुसरा कोणताही ऋतू देत नाही. गवतावर, हरभऱ्यावर, बांधावरच्या हरळीवर दहिवर पडलेले असते आणि तिरप्या उन्हात सगळे रान राखाडी-रुपेरी दिसते. जनावर ज्या वाटेने गेले तिथले दव झडलेले असते, त्यामुळे त्या रुपेरी रानातून एक गडद हिरवी पट्टी गेलेली स्पष्ट दिसते. ती पाहण्यासाठी सूर्याकडे तोंड करून उभे राहावे, म्हणजे माग आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येतो. साडेआठ-नऊनंतर दव उडते आणि ही पाटी पुसली जाते. म्हणून चहा नंतर प्यावा.

दवावरून वेळही कळते. खुराच्या ठशात किंवा शेणाच्या पोवर दवाचे थेंब बसलेले असतील, तर जनावर रात्री दव पडण्यापूर्वी गेले. ठसा कोरडा आणि आजूबाजूची माती ओलसर असेल, तर ते पहाटे गेले आणि अजून जवळच आहे. तसेच कोळ्याच्या जाळ्यांचे. हिवाळ्यात उसाच्या सऱ्यांच्या तोंडाशी कोळी रातोरात जाळी विणतात आणि सकाळी ती दवाने पांढरी होतात. ज्या सरीचे जाळे अखंड आहे तिच्यातून जाळे विणल्यापासून कोणी गेलेले नाही, आणि ज्या सरीची जाळी गाईच्या छातीच्या उंचीवर ओळीने तुटली आहेत ती पाहण्याजोगी आहे. दोन-तीन एकरांच्या फडाभोवती एक चक्कर मारून एवढे पाहिले, तरी सगळा फड पिंजण्याचे कष्ट वाचतात.

खुरांचे ठसे ओळखायला फार विद्या लागत नाही. म्हशीचा खूर रुंद, गोलसर आणि पसरट उमटतो. देशी गाय-बैलाचा लांबट आणि टोकदार. पुढचे खूर मागच्यांपेक्षा मोठे असतात. सावकाश चालणाऱ्या जनावराचा मागचा पाय जवळजवळ पुढच्याच ठशावर पडतो; पळणाऱ्याच्या खुराची दोन्ही बोटे फाकतात आणि मऊ मातीत मागच्या छोट्या खुऱ्यांचेही टिंब उमटतात. बैलाला पत्र्या मारलेल्या असतील तर ठशाच्या कडेला लोखंडाची धार आणि खिळ्यांची डोकी दिसतात, आणि असा ठसा शेकडो ठशांत वेगळा काढता येतो. ठशावरून न चालता त्याच्या कडेने चालावे. माग तुटला तर शेवटच्या ठशापाशी दगड ठेवून, तिथून पंधरा-वीस पावलांवर गोल फिरून पुन्हा जोडावा. पाणी दिलेल्या गव्हाचा बांध, पाटाची चारी आणि पाणंदीतला ओलावा, या तीन जागी माग हमखास सापडतो.

मात्र एक माणूस मागावर आणि बाकीचे दहा त्याच्या पुढे, असे होऊ देऊ नये. माग काढणारा पुढे, त्याच्या मागे एकजण कासरा आणि आंबोणाची (भिजवलेल्या खुराकाची) बादली घेऊन. बाकीच्यांना लांबच्या वाटा वाटून द्याव्यात.

उसात असेल तर

फडाच्या चारही बाजूंनी फिरून माग आत गेला आहे आणि बाहेर आलेला नाही एवढे ठरले, की जनावर आत आहे. तरीही लगेच आत शिरू नये. सकाळी सात ते नऊ या वेळात ते स्वतःच बाहेर येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते: रात्रभर बसून रवंथ केल्यावर उठते, आळस देते, शेण टाकते आणि ऊन अंगावर घ्यायला पूर्वेकडच्या बांधाशी येते. म्हणून त्या बांधावर, वारा आपल्याकडून उसाकडे वाहत असेल अशा ठिकाणी, वासरू किंवा जोडीचा बैल बांधावा आणि आंबोणाची बादली रोज जशी वाजते तशी वाजवावी. घरच्या बाईने रोजच्या शब्दांत हाक मारावी. जो धार काढतो त्याचाच आवाज जनावर ओळखते, आणि गावातल्या पंधरा अनोळखी आवाजांनी ते आणखी आत जाते.

तासाभरात काही झाले नाही तरच आत जावे, तेही एका रांगेत, दोन माणसांत चार-पाच सऱ्यांचे अंतर ठेवून, सतत बोलत आणि उभे राहून. ऊस पडलेला असेल तर त्या भागात जाऊ नये. तो भाग बाहेरून डबा वाजवून हलवावा. आत बिबट्याची पिल्ले दिसली तर त्यांना हात न लावता, फोटोच्या मोहात न पडता, आल्या वाटेने बाहेर यावे आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. मादी आसपासच असते.

जवळपास ऊसतोड चालू असेल तर मी पहिल्यांदा तिथेच जातो. तोडणीच्या फडावर ताजी वाढी पडलेली असतात आणि टोळीचे बैल बांधलेले असतात, म्हणजे सुटलेल्या जनावराला चारा आणि सोबत दोन्ही तिथे मिळते. टोळ्या पहाटे अंधारातच कामाला लागतात, त्यामुळे त्यांनी पाहिलेले असते. गावात जनावर हरवले की पहिला संशय याच परगावच्या माणसांवर किंवा मेंढरे घेऊन उतरलेल्या धनगरांवर घेतला जातो, हे मला कधीच पटलेले नाही. ज्यांची रोजची भाकरी बैलांवर आणि मेंढरांवर आहे, ते परके जनावर इतरांपेक्षा आधी ओळखतात; टोळीच्या मुकादमाशी किंवा धनगरांच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्याशी नीट बोलले, तर माहिती मिळते, दरडावले तर कोणी तोंड उघडत नाही.

विहीर, शेततळे, कालवा

कठडा नसलेल्या विहिरीत जनावर पडल्याची खूण म्हणजे काठाचे ढासळलेले गवत आणि खुराने ओढलेली माती. शेततळ्याचा धोका नवख्यांच्या लक्षात येत नाही: पाणी प्यायला उतरलेले जनावर प्लॅस्टिकच्या कागदावरून घसरते आणि कितीही पोहले तरी त्याला वर चढता येत नाही. तिसरे कालव्याचे. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांना रब्बीचे आवर्तन सुटलेले असेल, तर अस्तरीकरण केलेल्या भागात पडलेले जनावर प्रवाहाबरोबर जाते, म्हणून वरच्या अंगाला वेळ न घालवता खालच्या बाजूच्या पुलांवर आणि दारांपाशी माणसे पाठवावीत.

जनावर पाण्यात दिसले, तर आधी विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बंद करून फ्यूज काढावा, कारण ओल्या विहिरीत केबलला धक्का लागून माणूस जाऊ शकतो. कंबरेला दोर आणि वर धरणारी माणसे असल्याशिवाय कोणीही, पोहणारा असला तरी, विहिरीत किंवा शेततळ्यात उतरू नये. जनावराचे तोंड पाण्यावर राहावे म्हणून म्होरकीला दोर अडकवून हलकेच ताणून धरावा आणि शक्य असल्यास ट्रॅक्टरच्या चाकाची फुगवलेली ट्यूब टाकावी. वर ओढताना दोर कधीही मानेला किंवा शिंगांना बांधू नये. एक रुंद पट्टा पुढच्या पायांच्या मागून छातीखाली आणि दुसरा कासेच्या पुढून पोटाखाली घ्यावा, आणि क्रेन किंवा जेसीबीने सावकाश उचलावे. शेततळ्यात कोपऱ्यावर पोती पसरून वाट करावी. मदतीसाठी 112 आणि पशुवैद्यकासाठी 1962 हे दोन्ही क्रमांक चालतात, पण जेसीबी गावातलाच लवकर येतो.

माणसांमार्फत शोध

गावात बातमी पोहोचवायची सर्वांत चांगली जागा दूध संकलन केंद्र. सकाळी सात ते नऊ या वेळात जवळजवळ प्रत्येक वस्तीवरचा माणूस तिथे येऊन जातो, आणि तो गुरे पाळणारा असल्याने नेमके तेवढेच ऐकतो. त्यानंतर शेकोटी आणि देवळाचा भोंगा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकताना "आमची गाय हरवली आहे" एवढेच लिहू नये. रंग, शिंगांची ठेवण, कपाळावरचा चांद, कोणत्या पायाला पांढरे, दाव्याचा तुकडा गळ्यात आहे की नाही, शेवटचे कधी पाहिले आणि कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, हे सगळे लिहावे. पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक भारत पशुधन प्रणालीत आपल्या नावावर नोंदलेला असतो, आणि वाद झालाच तर जनावर आपले असल्याचा तोच सर्वांत सोपा पुरावा आहे. तो जनावर घरी असतानाच वहीत लिहून ठेवावा.

दुपारपर्यंत पत्ता लागला नाही तर पोलीस पाटलांना सांगावे आणि आसपासच्या गावांच्या ग्रामपंचायतींत फोन करून कोंडवाड्यात कोणी जनावर घातले आहे का ते विचारावे. कोंडवाड्यातून सोडवताना दंड आणि चाऱ्याचा खर्च भरावा लागतो, आणि मुदतीत कोणी मागायला आले नाही तर लिलाव होतो, म्हणून यात ढिलाई नको.

दावे कापलेले असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही; त्याच सकाळी पोलीस ठाण्यात जावे. बिल्ल्याचा क्रमांक, दोन्ही बाजूंचे फोटो आणि खरेदीची पावती सोबत न्यावी. मला एकदा "दोन दिवस पाहा, येईल आपोआप" असे सांगून परत पाठवले होते, आणि तोंडी सांगून परत आलो ही चूक माझीच होती. लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. जनावर दुसऱ्या हद्दीतून गेले या कारणाने तक्रार नाकारता येत नाही. कोणतेही ठाणे ती शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) नोंदवून पुढे पाठवू शकते. त्या आठवड्यात जवळचे बाजार चुकवू नयेत: सोमवारी बेल्हे, शनिवारी चाकण. पहाटे, गाड्या उतरत असताना जावे. पेट्रोलपंपाच्या कॅमेऱ्यातले चित्रण थोडेच दिवस राहते, तेही लवकर पाहून घ्यावे.

सापडल्यावर

जनावर दिसले की धावत जाऊ नये. बादली दाखवत, बाजूने, त्याला आपण दिसू अशा रीतीने जवळ जावे, थोडे खाऊ द्यावे आणि खाता-खाता म्होरकी चढवावी. मग घरी नेण्यापूर्वी त्याच्याभोवती एक फेरी मारावी. डावी भकाळी (बरगड्यांच्या मागची खळगी) ढोलासारखी फुगलेली असेल तर हरभरा किंवा घास जास्त खाऊन पोटफुगी झाली आहे. पुढचे पाय उंचावर राहतील असे चढावर उभे करून पशुवैद्यकाला बोलवावे. कापणी झालेल्या ज्वारीचा कोवळा फुटवा, विशेषतः पाणी न मिळालेला, खाल्ल्यास विषबाधा होते; आमच्या भागात किराळ लागणे म्हणतात ते हेच. धाप, थरथर, लडखडणे यातले काही दिसले तर मिनिटांचा प्रश्न असतो. औषध टोचावे लागते, घरगुती उपायांवर वेळ घालवू नये. ज्वारीची किंवा मक्याची कणसे भरपूर खाल्ली असतील तर पेंड व आंबोण बंद ठेवावे आणि पाणी किती द्यावे हेही डॉक्टरांनाच विचारावे.

पाण्यातून काढलेले जनावर गोणपाटाने रगडून कोरडे करावे, वाऱ्याच्या आडोशाला, शेकोटीपासून धग सोसेल इतक्या अंतरावर उभे करावे, पाठीवर कोरडी गोधडी किंवा पोती टाकावीत आणि कोमट पाणी समोर ठेवावे. स्वतःहून प्यायले तर चांगलेच. नळकांड्याने तोंडात काही ओतू नये, कारण थकलेल्या जनावराच्या ते फुप्फुसात जाते. रानात व्यालेल्या गाईचे वासरू आधी कोरडे करून उबेत घ्यावे, गाय आपोआप मागे येते.

बिबट्याने किंवा अन्य वन्यप्राण्याने मारलेले जनावर सापडले, तर ते जागेवरून हलवू नये. फोटो काढून 48 तासांच्या आत वनविभागाला कळवावे, आणि वनकर्मचारी व पशुधन अधिकारी येऊन पंचनामा होईपर्यंत कुत्री लांब ठेवण्यासाठी माणूस बसवावा. नुकसानभरपाई या पंचनाम्यावरच मिळते.

धडधाकट परत आलेले जनावर दुसऱ्यांच्या गुरांत मिसळले असेल तर दोन आठवडे वेगळे बांधावे, कारण हिवाळ्यात लाळ्या-खुरकूत पसरतो. म्हैस माजावर गेली होती असे ठरले तर ती तारीख वहीत लिहावी, एकविसाव्या दिवशी पुन्हा माज दिसतो का पाहावे, आणि दिसला नाही तर दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून गाभण तपासून घ्यावी. त्या संध्याकाळी नवे दावे घालताना जुन्याचा तुटका तुकडा फेकू नये. तो कुठे झिजला होता, खुंट्याच्या कडीपाशी की म्होरकीच्या गाठीपाशी, ते पाहावे, आणि शेजारच्या जनावरांची दावीही त्याच जागी चाचपून घ्यावीत.